पहिल्या कणसाचा विळा

मित्रांनो, मला नुसतं पाहिलंत तर मी काय आहे हे तुम्हाला चटकन ओळखता येणार नाही. माझं पातं झिजून झिजून चंद्रकोरीएवढं बारीक झालं आहे. मूठ फणसाच्या लाकडाची, काळी पडलेली. त्या मुठीवर अंगठ्याच्या जागी एक खळगा आहे. तेवढा खळगा मात्र नीट बघा, कारण माझी सगळी गोष्ट त्यातच आहे. मी एक म्हातारा विळा आहे. डिचोली तालुक्यात, लाटंबार्सेजवळच्या एका लहानशा वाड्यावरच्या वस्तीत, देवकीच्या घरात जनेलाशेजारच्या, म्हणजे खिडकीशेजारच्या, खुंटीला मी टांगलेला असतो.

माझा जन्म डिचोलीच्या बाजारातला. तेव्हा गोव्यात अजून पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं, राज्य होतं, आणि डोंगर खणून लोखंडाचं खनिज न्यायला नुकतीच सुरुवात झाली होती. खनिजाचे ट्रक खड्ड्यांतून आदळत जायचे आणि त्यांचे कमानपाटे तुटायचे. असा एक तुटका पाटा रामचंद्र च्यारी या लोहाराच्या भट्टीत आला. त्याने तो लालबुंद तापवला, ठोकून वाकवला आणि चर्र करून पाण्यात बुडवला. मग मला वाटलं, झालं. पण त्याने मला पुन्हा मंद आचेवर धरलं. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "नुसतें घट जालें म्हणून जायना. घट लोखण मोडटा. मातशें नरम करूंक जाय." म्हणजे थोडं नरमही करायला हवं.

ते गिऱ्हाईक म्हणजे बाबली गावस. पुढे मी ज्याच्या घरी आयुष्य काढलं तो सगुण त्याचा मुलगा, आणि देवकी ही सगुणाची बायको.

बाबलीचं शेत आणि वाड्यावरचं कपेल, म्हणजे लहानसं चर्च, समोरासमोर होतं. मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा, आणि एक पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस. किरिस्तांवांची घरं थोडीच, तीही दुसऱ्यांच्या शेतात राबणारी. कपेलाच्या मालकीची वीतभरही जमीन नव्हती. तिथे सासष्टीकडून एक पाद्री आला. त्याचं नाव लिगोर. उंच, कमरेत किंचित वाकलेला, हातात कायम एक काळी छत्री. पहिल्या पावसाळ्यात ऑगस्ट महिना आला तसा हा माणूस रोज संध्याकाळी बाबलीच्या मेरेवर, शेताच्या बांधावर, येऊन उभा राहायला लागला. भाताकडे बघायचा, छत्रीचं टोक चिखलात रुतवायचा आणि परत जायचा.

बाबलीने ओळखलं. किरिस्तांवांचं कणसांचं फेस्त, म्हणजे सण, जवळ आलं होतं. त्या दिवशी पाद्रीने शेतात जाऊन नव्या भाताची पहिली कणसं कापायची, देवापुढे ठेवायची आणि घरोघर वाटायची, अशी त्यांची रीत. या पाद्रीला शेत नव्हतं, आणि मागायला त्याची जीभ उचलत नव्हती.

फेस्ताच्या सकाळी बाबलीने मला खोबरेल लावलं, केळीच्या पानात गुंडाळलं आणि व्हाळ ओलांडून कपेलाच्या दारात गेला.

"घेयात, पाद्रीबाब," तो म्हणाला. "आमच्या गणपतीकय नवीं कणसां जाय. तुमी कापात, मागीर वांटून घेवया."

पाद्रीने मला हातात घेतलं. त्याच्या पांढऱ्या झग्याची किनार चिखलात लोळत होती. कापायची सवय नव्हती, त्यामुळे त्याने अंगठा मुठीवर जरा जास्तच दाबून धरला. तो खळगा तिथून सुरू झाला. मूठभर कणसं कापून त्याने दोन वाटे केले, आणि एका वाट्यात दोन काड्या जास्त घातल्या.

"अर्दें म्हज्या सायबाक, अर्दें तुमच्या गणपतीक. पूण गणपतीक मातशें चड. ताचें पोट व्हड."

बाबली इतका हसला की बांधावरचे बगळे उडाले.

तेव्हापासून रीत पडली. फेस्ताच्या सकाळी गावसांच्या घरातून मी न मागता कपेलात जायचो. बाबली म्हणायचा, "देवाच्या कामाक पाद्रीक मागूंक लावचें न्हय." एवढंच. आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीला, पाद्रीच्या हातचं कणूस गणपतीपुढे लागायचं. परतभेट म्हणून फेस्ताच्या संध्याकाळी कपेलातून हळदीच्या पानातल्या पातोळ्या यायच्या. त्या रुजारमाय करायची. ती पाद्रीचा स्वयंपाक आणि कपेलाची झाडलोट बघणारी बाई. पातोळ्या गोड आणि तिची जीभ तिखट.

मित्रांनो, वर्षातले बाकीचे दिवस मी साधा विळाच होतो. गवत कापलं, भात कापलं, केळीची पानं उतरवली. पण खुंटीशेजारच्या जनेलातून मला शेत, खुरीस आणि कपेल दिसायचं, त्यामुळे पाद्री लिगोरचं सगळं आयुष्य माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. तो साप चावलेल्या माणसाला खांद्यावर घालून डिचोलीच्या रस्त्यापर्यंत धावलेला मी पाहिला. पाखले गेले, नवं सरकार आलं. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, पण त्याची छत्री तीच राहिली. सप्त्याच्या भजनाला तो बाबलीच्या सोप्यावर येऊन बसायचा आणि टाळ वाजवायचा. त्याचा टाळ कायम अर्धी मात्रा मागे असायचा. बुवा नुसती मान हलवायचे. सगुण तेव्हा तरुण होता, तो कपेलातल्या मिसेवरून, म्हणजे उपासनेवरून, चिडवत कुजबुजायचा, "पाद्रीबाब, तुमचो ताळ अजून मिसांतूच आसा." पाद्री म्हणायचा, "मीस सोंपली म्हणून तो हांगा आयला, ताका बसूंक दी."

एका पावसाळ्यात वरच्या खाणीतलं तांबडं पाणी व्हाळातून उतरलं आणि शेतात शिरायला लागलं. तो तांबडा गाळ एकदा बसला की खाली मुळांना हवा मिळत नाही आणि भात पिवळं पडून मरतं. त्या दिवशी पाद्रीने झगा कमरेला खोचला आणि भर पावसात सगुणाच्या बरोबरीने चिखलाची ढेकळं उचलली. वाड्यावरची सगळी माणसं आली. अंधार पडायच्या आत मेर उभी राहिली, आणि शेत वाचलं. चिखलाने माखलेला पाद्री सोप्यावर बसून पेज प्यायला, तेव्हा म्हातारा बाबली म्हणाला, "आतां हें शेत अर्दें तुमचें." पाद्रीने पेजेबरोबरचं आंब्याचं लोणचं चाटत म्हटलं, "अर्दें नाका. मूठभर पुरो."

पुढे बाबली गेला. मला सगुणाने सांभाळलं. वर्षं गेली, पाद्रीचे केस कापसासारखे झाले, हात थरथरायला लागले. पण मी त्याच्या हातात गेलो की अंगठा बरोबर खळग्यात बसायचा आणि थरथर थांबायची.

आणि मग भाषेचं भांडण आलं.

तुम्ही लहान आहात, तुम्हाला ते सांगूनही नीट कळणार नाही. गोव्याचं वेगळं राज्य व्हायचं होतं, आणि त्याची भाषा कोणती यावर माणसं दोन बाजूंना उभी राहिली. सगुण मराठीच्या बाजूचा. त्याची पोथी मराठी, भजन मराठी, पहिली अक्षरं मराठी. तो डिचोलीला सभांना जायचा आणि घसा बसवून परत यायचा. कपेलातली माणसं कोंकणीच्या बाजूची. त्यांचं मागणं, म्हणजे प्रार्थना, कोंकणी आणि पाळण्यातली गाणीही कोंकणी. दोघांचंही खरं होतं. पण रस्ते अडले, बसगाड्या बंद पडल्या, आणि व्हाळाच्या दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना बघून वाट बदलायला लागली. पाद्री सप्त्याला आला नाही. कोणी त्याला बोलावलंही नव्हतं. आधी कधी बोलवावं लागलं नव्हतं, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही.

कायदा झाला. मे महिन्यात राज्य झालं. पाऊस आला, भात पोटरीवर आलं. त्याच वेळी वाड्यावर बातमी पसरली की पाद्री लिगोरला आता विश्रांतीला पाठवणार आहेत. म्हापशाच्या पलीकडे म्हाताऱ्या पाद्रींसाठी एक घर आहे, तिथे. कणसांचं फेस्त झालं की लगेच.

म्हणजे ते त्याचं आमच्या शेतातलं शेवटचं फेस्त होतं. सगुणाला ते माहीत होतं, पाद्रीला माहीत होतं, आणि मलाही.

त्या वर्षी फेस्त आणि चवथ अगदी लागून आली होती. फेस्ताच्या सकाळी देवकीने नेहमीप्रमाणे मला खोबरेल लावलं, केळीच्या पानावर ठेवलं आणि शेजारी एक जास्वंदीचं फूल ठेवलं.

"विळो केन्ना व्हरतले?" तिने विचारलं.

सगुण जनेलापाशी उभा होता. "ताका जाय जाल्यार तो उलो मारतलो." उलो म्हणजे हाक.

"इतलीं वर्सां केन्ना मारलो उलो ताणें?"

"इतलीं वर्सां वेगळीं. आतां तांचें राज, तांची भास. मराठीवाल्याच्या शेताचें कणूस तांकां कित्याक जाय?"

"आनी तुमी हें आतां खंयचे भाशेन उलयतात?"

"घरांतलें वेगळें," तो म्हणाला.

कपेलाची घंटा झाली. जनेलातून मला पाद्री दिसला. पांढरा झगा, काळी छत्री. तो खुरसापाशी येऊन उभा राहिला आणि आमच्या घराकडे बघत राहिला. त्याच्यामागे रुजारमाय सूप घेऊन आणि थोडी माणसं. सगुणही बघत होता. दोघांच्या मध्ये फक्त ते भात होतं. वाऱ्याने ते एकदा इकडे झुकायचं, एकदा तिकडे.

"उलो मार मरे, एकदा उलो मार," सगुण पुटपुटला. पण जनेलातून, आतल्या आत.

पाद्रीने हाक मारली नाही. पुष्कळ वेळाने तो वळला आणि आत गेला. केळीच्या पानावर मी तसाच पडून राहिलो. संध्याकाळपर्यंत जास्वंद मिटलं.

पंचमीला सगुणाने स्वतः कणसं कापली. देवकीने दोन वाटे केले आणि एक सुतळीने बांधून वाशाला टांगला. "पाद्रीबाबालो वांटो," ती म्हणाली. सगुणाने तिकडे पाहिलं नाही.

चवथीचा गणपती पोचवल्यावर पाद्रीला न्यायला गाडी आली. ती कपेलापासून निघाली आणि शेताच्या कडेला थांबली. पाद्री उतरला. मेरेवर आला, वाकून एका कणसावरून हात फिरवला आणि परत गेला. गाडी वळणाआड गेली, तेव्हा सगुण दारात पोचला होता.

दुसऱ्या दिवशी रुजारमाय आली. सोप्यावर बसलीसुद्धा नाही.

"देवकी गो, तुज्या घोवाक सांग," सगुण समोर असतानाच ती म्हणाली, "वर्सावरी तुमच्या घरच्यो पातोळ्यो हांवें केल्ल्यो. सांजमेरेन झांपून दवरल्यो. मागीर कावळ्यांक घाल्यो."

सगुण म्हणाला, "पाद्रीबाबान विळो मागलो ना, रुजारमाय."

"मागतलो कसो? बाबलीन सांगिल्लें, पाद्रीक मागूंक लावचें न्हय. तो म्हणटालो, हांव मागलें जाल्यार बाबलीचें उतर मोडटा. सगुण रागार आसा, राग वचत तेन्ना हाडटलो." तिने पदराने नाक पुसलं. "दनपरां जेवलोय ना. खुरसाकडल्यान येवन बांकार बसलो तो बसलोच. पांवलांचो आवाज जालो काय मान वयर काडटालो."

ती गेली. सगुण सोप्यावर बसून राहिला. एक जण हाकेची वाट बघत होता, दुसरा पावलांची. बापाने घालून दिलेली रीत दोघांनीही मोडली नाही, असं दोघांनाही वाटत होतं.

मित्रांनो, त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट. सगुणाला मी डोळ्यांसमोर नको झालो. त्याने मला खुंटीवरून काढून माळ्यावर टाकलं. लोखंडाला ओल आणि हवा एकत्र मिळाली की ते आपोआप गंजतं. त्यासाठी कोणाला वाईट वागावं लागत नाही. नुसतं विसरलं तरी पुरतं. माझ्या अंगावर आधी तांबूस डाग आले, मग खपल्या धरल्या. अंधारात मला वाटायचं, आता माझी परत माती होणार, ज्या डोंगरातून असलं लोखंड निघतं त्या डोंगराचीच.

पुढचा ऑगस्ट आला. एका सकाळी माळ्यावर हात चाचपडत आला. सगुणाचाच हात. त्याने मला अंगणात नेलं आणि राख व काथ्याने घासायला बसला. बराच वेळ घासत होता. देवकी आली, खोबरेलाची वाटी शेजारी ठेवून गेली. मग सगुण रॉकेलचा रिकामा डबा आणि फावडं घेऊन शेतात उतरला. त्याने भाताचं एक मोठं ठोंब मुळांसकट, चिखलासकट उचललं आणि डब्यात बसवलं. त्याला ओंब्या लागल्या होत्या, टोकाला पिवळ्या.

"कणसां कापून व्हरलीं आसतीं," देवकी म्हणाली.

"कापपाचें ताणें," सगुण म्हणाला.

मला केळीच्या पानात गुंडाळून देवकीने पिशवीत घेतलं. डिचोलीहून म्हापशाच्या बसमध्ये सगुण डबा मांडीवर घेऊन बसला. ओंब्या पुढच्या माणसाच्या मानेला गुदगुल्या करत होत्या. कंडक्टर आला.

"काका, भात शेतांत लायतात. बशींत न्हय."

"हें शेत पाद्रीबाबाक मेळूंक चल्लां," सगुण म्हणाला.

कंडक्टरने त्याच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग पुढच्या माणसाला म्हणाला, "मातशें फुडें सर रे, शेताक वाट दी."

ते घर पांढरं, थंड, गुळगुळीत फरशीचं होतं. एका लांब सोप्यावर म्हातारे पाद्री खुर्च्यांवर बसले होते. आमचा अगदी टोकाला होता. खूप बारीक झाला होता. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला होता, त्याला नीट दिसत नव्हतं. तिथली सिस्टर माझं पातं बघून थोडी पुढे आली, पण देवकीने मला त्याच्या हातात देऊनही टाकलं होतं.

त्याने पातं चाचपलं नाही, मूठ चाचपली. अंगठा फिरत फिरत खळग्यात जाऊन बसला.

"विळो आयलो," तो म्हणाला.

"आयलो, पाद्रीबाब," सगुणाचा आवाज बसला होता, सभेहून आल्यासारखा. "मागनासतना आयलो. पूण वर्स चुकलें."

पाद्रीने दुसरा हात पुढे केला. तो ओंब्यांना लागला, मग खाली काड्यांना, मग डब्यातल्या गार चिखलाला. तो हळूच हसायला लागला.

"शेत घेवन आयलो मरे? आनी मेर खंय दवरली?"

"मेर थंयच आसा. तुमी बांदिल्ली."

"हांवें मागूंक जाय आशिल्लें, सगुण," मग तो म्हणाला. "बाबली मात्सो तापलो आसतो. मागीर हांसलो आसतो."

सगुणाने डबा पाद्रीच्या गुडघ्यांशी आणला आणि ठोंब दोन्ही हातांनी धरलं. पाद्रीने मला ओढलं. एकदा, दोनदा. मित्रांनो, मी घासूनपुसून आलो होतो, पण धार पूर्वीची नव्हती. तरी काड्या तुटल्या. मूठभर कणसं त्याच्या मांडीवर पडली. त्याने बोटांनी चाचपून दोन वाटे केले, आणि मग थांबून एका वाट्यातल्या दोन काड्या काढून दुसऱ्यात घातल्या.

"ताचें पोट व्हड," तो म्हणाला.

डबा हलवताना चिखल फरशीवर सांडला होता. सिस्टर फडकं घेऊन आली. पाद्रीने तिला हाताने थांबवलं. पायातली चप्पल काढली आणि आपलं पांढरं, सुरकुतलेलं पाऊल त्या चिखलावर ठेवलं. "सांजमेरेन आसूं दी," तो तिला म्हणाला. "मागीर पूस." बोटं फाकवून तो बसून राहिला, मेरेवर पाय रोवल्यासारखा.

पुढचं फेस्त त्याने पाहिलं नाही. उन्हाळ्यात, काजूचा हंगाम संपता संपता तो गेला. त्याला निरोप द्यायला आमच्या वाड्यावरून व्हाळाच्या दोन्ही बाजूंची माणसं एकाच बसने गेली. जाताना बसमध्ये भजन झालं आणि येताना लादीन, म्हणजे कपेलातली सामूहिक प्रार्थना. सगुण टाळ वाजवत होता. मुद्दाम अर्धी मात्रा मागे. रुजारमायने त्याला कोपराने ढोसलं आणि मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली.

आता सगुणही नाही. कपेलात नवा, तरुण पाद्री आहे. तो आला त्याच वर्षी, फेस्ताच्या सकाळी, देवकी काठी टेकत व्हाळ ओलांडून गेली आणि तिने मला त्याच्यापुढे धरलं. तो गोंधळला. "माय, हांवें मागूंक नाशिल्लो," तो म्हणाला. "मागचो पडना," देवकी म्हणाली. मग वळता वळता थांबली. "पूण एकाद्रे फावट आमी आयलीं नात जाल्यार," ती म्हणाली, "व्हड्यान उलो मार. आमी वाट पळयतात."

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूचं एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखं कोणी खुंटीला टांगलेलं असेल. त्याला वर्षातून एकदा खाली काढा, तेलाचं बोट लावा. ते कोणाच्या हातात जायचं असेल तर त्याने मागायची वाट बघू नका, नेऊन द्या. आणि तुमच्या दाराशी कोणी यायचं राहिलं असेल, तर तुम्ही हाक मारा. हाक मारल्याने कोणाचा शब्द मोडत नाही.

या वर्षीचं भात चांगलं आलं आहे. जनेलातून मला ते दिसतं. देवकीने आज खोबरेलाची वाटी उन्हात ठेवली आहे. नव्या पाद्रीचा अंगठा जाड आहे, खळग्यात नीट मावत नाही. तो म्हणतो, मावेल हळूहळू.